साखळीची मावशी किती नारळ उतरली

हळर्णच्या त्या बंद पडलेल्या काजूच्या कारखान्यात रविवारी इतकी माणसं लोटत, की पलीकडच्या किल्ल्याच्या पडक्या बुरुजांनाही हेवा वाटावा. शत्रू चालून आला तेव्हासुद्धा त्यांनी एवढी गर्दी पाहिली नसेल. कारखान्याच्या तुळईला एक अवाढव्य तागडी टांगली होती. एका पारड्यात भक्त बसायचा, दुसऱ्यात नारळ चढायचे. प्रत्येक नारळ लाल फडक्यात गाठ मारून बांधलेला. त्याला शिष्याखेरीज कुणी शिवायचं नाही.

पहिल्या तुळेला ढोल-ताशे असे बडवत, की शेजारच्याचं बोलणं ऐकू येऊ नये. मग भक्ताने व्रत घ्यायचं. ते पुरं झालं की दुसरी तुळा, ती मात्र कडक मौनात. टाचणी पडली तरी ऐकू यावी अशा त्या शांततेत चमत्कार घडे. पावणेदोनशे नारळांचा माणूस सव्वाशेवर आलेला असे!

"वजन म्हणजे शक्ती, माते," वजन उतरवून देणारा उताराबाबा डोळे मिटून सांगे. "शक्ती नष्ट होत नाही, फक्त जागा बदलते. शास्त्रज्ञांना हे आत्ता कळलं. आम्ही मागच्या जन्मीच सांगून ठेवलं होतं."

बाबाचं स्वतःचं पोट मांडीवर मांजरासारखं विसावलेलं असे. कुणी तिकडे टक लावलीच तर बाबा नम्रपणे म्हणे, "हे माझं नव्हे हो. भक्तांचं. सांभाळायला घेतलंय."

चंद्रावती या बाबाकडे गेली ती गुडघ्यांमुळे. गुडघे दुखत, त्यात रक्तात साखर. पेडण्याच्या डॉक्टर तेजस्विनीने तिला पथ्य सांगितलं होतं: शीत, म्हणजे भात, थोडं कमी, भाजी जास्त, सकाळी पावाच्या दोन पोयांच्या जागी एक, संध्याकाळी चालणं, गोळी वेळेवर. "हळूहळू उतरेल. वर्ष लागेल."

"वर्ष?" चंद्रावतीने तोंड वाकडं केलं. "गणपतीची चवथ दोन महिन्यांवर इली!"

बाबाने वर्षाचा महिना करून दिला. सकाळी काढा, रात्री एक केळं. शीत, मासळी, मीठ, गोळी, सगळं बंद. पहिल्या चार दिवसांत साडी सैल झाली आणि चंद्रावती हरखली. पाचव्या दिवशी डोळ्यांपुढे अंधारी येऊ लागली, तशी ती बाबाकडे धावली. बाबाने तिच्या नावाच्या नारळांच्या राशीकडे बोट दाखवलं आणि आवाज खाली आणला.

"तुमचं उतरलेलं वजन मी तिथे बांधलंय. एक घास जरी खाल्लात तरी गाठ सुटेल. आणि ते वजन कुणावर तरी बसेलच ना, माते? रक्ताच्या माणसावर बसतं. घरात सगळ्यात लहान कोण, त्याच्यावर."

घरात सगळ्यात लहान माणूस अजून जन्माला आलं नव्हतं. चंद्रावतीची लेक गौरवी सातव्या महिन्यात माहेरी आली होती.

त्या दिवसापासून चंद्रावतीला स्वतःच्या भुकेचीच धास्ती बसली. चुलीवर माशांचं हुमण रटरटलं की ती परसात पळे. गौरवी कुशीवर वळताना कण्हली, की हिला वाटे: झोपेत आपण काही चघळलं तर नाही ना? चोपडे गावच्या कुणीतरी चोरून बांगडा खाल्ला आणि त्याची म्हैस गाभडली, असंही शिष्याने तिच्या कानावर घातलं होतं. म्हैस रक्ताच्या नात्यातली कशी, हे विचारायचं त्राण तिच्यात उरलं नव्हतं.

एका सकाळी पाव विकणाऱ्या पोदेराचा भोंपू वाजला. गरम पोई हातात आली, आणि चंद्रावतीच्या हाताने तिला न विचारताच एक तुकडा तोंडात टाकला. त्याच क्षणी आतून गौरवी किंचाळली, "आई गो!"

चंद्रावतीने घशात बोटं घालून घास ओकून टाकला आणि तिथेच धुण्याच्या दगडापाशी कोसळली.

तिला उचललं ते तिची नणंद कमलाक्षीने. कमलाक्षी शाळेत विज्ञान शिकवायची. तिने लग्न केलं नव्हतं आणि जीभ कधी म्यान केली नव्हती.

"तिच्यार बसला काय गो वजन?" चंद्रावती दात वाजवत विचारत होती.

"तिच्या पायात गोळो इलो, वयनी. पोटुशी बायांक येता तसो."

"तुका खात्री आसा?"

"आसा म्हणान सांगलंय तर तू जेवशीत?"

चंद्रावतीने मान हलवली. जेवणार नव्हती. कमलाक्षीने तिचा चेहरा उजेडाकडे वळवला. दोन्ही डोळे खोल गेलेले, ओठांना सालपटं.

"बाबान काय खावचा नाय म्हणान सांगला ना?" ती शेवटी म्हणाली. "पेज पियाची असता. पी. आणि गोळी काय कोण खाणत नाय, ती गिळतत."

त्या पळवाटेतून चंद्रावतीच्या पोटात भीतभीतच पेज गेली, आणि तिच्यामागून गोळी.

रविवारी कमलाक्षी स्वतःच बाबाच्या दारात हजर झाली. मागे चौघे गडी एक खुर्ची वाहत होते, घामाने निथळत. खुर्चीत नऊवारीत गुरफटलेली, पदर पार हनुवटीपर्यंत ओढलेली, गळ्यात तुळशीची माळ घातलेली एक बसकी बाई.

"आमच्या शाळेतल्या बाईंची आई. साखळी गावची मावशी," कमलाक्षी म्हणाली. "बारा वर्षांचं मौन आहे."

"धन्य!" बाबाने मावशीच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो दचकला. "देह किती शीतल! तप फार मोठं आहे. माउली, आठ दिवसांचं कडक व्रत झेपेल?"

"पाण्याचा थेंबसुद्धा घेणार नाही," कमलाक्षीने शब्द दिला.

ढोल कडाडले. मावशी दोनशे नारळ भरली.

पुढच्या रविवारी चंद्रावतीची आणि मावशीची दुसरी तुळा एकदमच आली. चंद्रावती आधी तोलून उतरली होती आणि खांबाला धरून उभी होती. तिच्या शेजारी गौरवी, एक हात आईच्या पाठीवर. मौनात मावशी तोलली गेली. एकशे तीस!

"आठ दिवसांत सत्तर नारळ!" बाबा गहिवरला. "याला म्हणतात श्रद्धा. आणि या चंद्रावतीबाई! महिना झाला तरी चाळीसच उतरले. बाई, तुम्ही चोरून काहीतरी घेतलंत. गाठ सैल झालीय."

चंद्रावतीच्या कानांत शिट्टी वाजू लागली. पेज! तिने गौरवीच्या पोटाकडे पाहिलं.

"महाराज," कमलाक्षी म्हणाली, "मावशीक एकदा दर्शन देवा." आणि तिने पदर ओढला.

आत घरचा रगडा होता. इडलीचं पीठ वाटून वाटून गुळगुळीत झालेला, तुळशीची माळ ल्यालेला काळा कुळकुळीत रगडा.

कुणीतरी फिस्सकन हसलं. बाबाचा जबडा खाली आला, पण जीभ अजून चालू होती. "दगडाचंही वजन आम्ही नारळांत ओढून घेतो!"

"मगे दगड हलको होवक व्हयो," कमलाक्षी म्हणाली.

"आमच्या खांद्यांक विचारा!" चौघांतला एक ओरडला. "तितकोच आसा मेलो!"

कमलाक्षीने पहिल्या तुळेच्या ढिगातला एक नारळ उचलून कानाशी हलवला. खुडखुड, खुडखुड. फडकं सोडलं. गेल्या साली उतरवलेला, पाणी आटून आत खोबऱ्याचा सुका गोटा झालेला. "हो आवाज लपवूक ढोल," ती म्हणाली. दुसऱ्या ढिगातला हलवला. गच्च भरलेला, मुका. "हे ताजे. जड नारळ कमी लागतत. माणूस असलो तितकोच."

नारळाच्या सावलीत जन्म काढलेली ती सगळी माणसं. बोटाने टिचकी मारून आत पाणी किती ते सांगणारी. आणि एका लाल फडक्याने त्यांना नारळ ओळखू दिला नव्हता!

चंद्रावतीची भीती मात्र गेली नव्हती. "पण गो... माझ्या नारळांत खरोखरच असला तर?"

"मगे फोड," कमलाक्षी म्हणाली.

लोक मागे सरले. हसणारेसुद्धा. कुणी गौरवीला दंडाला धरून बाजूला ओढू लागलं, ती हलली नाही. चंद्रावतीने आपल्या नावाच्या, नुकत्याच तोललेल्या ढिगातला नारळ घेतला, डोळे घट्ट मिटले आणि तो रगड्यावर आपटला.

पाणी उसळलं. गौरवीने ओंजळ पुढे केली आणि आई डोळे उघडायच्या आत ते पिऊनही टाकलं.

गौरवीने एकदम पोट धरलं. चंद्रावतीच्या हातातून करवंटी गळली.

"आई गो," गौरवी हसत म्हणाली, "लाथ मारता! त्याकाय गोड लागला."

चंद्रावती रगड्यालाच मिठी मारून रडली, आणि रडता रडता तिने खोबऱ्याचा तुकडा तोंडात टाकला. या गडबडीत उताराबाबा मागच्या दाराने उतरला होता. सांभाळायला घेतलेलं पोट मात्र त्याने कुणालाच परत केलं नाही.

चंद्रावती पुन्हा डॉक्टरीणबाईंच्या त्या कंटाळवाण्या पथ्यावर आली. शीत मूठभर कमी, हुमणात खोबरं अर्धं, पोई एक. चवथीला तिने एक नेवरी, खोबऱ्याची गोड करंजी, खाल्ली, आवडीने खाल्ली, आणि दुसऱ्या दिवशी निमूट आपल्या ताटावर परतली. कुणावर काही बसलं नाही. गौरवीचं बाळ काट्यावर ठेवलं तेव्हा तीन किलो भरलं, त्याचं स्वतःचं, आणि त्यासाठी एकही नारळ लागला नाही.

तेव्हा बाबांनो, महिन्याभरात वजन उतरवून देतो असं कुणी म्हणाला, तर त्याला आधी तुमच्या घरचा रगडा तोलायला द्या. त्याने गोळी बंद करायला सांगितलं, तर आधी डॉक्टरला विचारा. आणि पथ्य निवडताना स्वतःला एकच विचारा: पुढच्या चवथीलाही मला हेच जेवता येईल काय? भीती घालून कुणी तुम्हाला उपाशी ठेवत असेल, तर नारळ उचला, कानाशी हलवा. खुडखुड ऐकू येईल.