तात्याबाची मोजणी

लहानपणापासून पाण्यात वाढला म्हणून पाण्याच्याच परीक्षेत आपटला, असा माणूस कुणी बघितलाय? कळंबचा नागेश आपटला होता, तेही दोनदा.

सत्त्याण्णव सालची गोष्ट. मेंढक्यांच्या घरातला हा गडी लक्षद्वीपला पाठीवर हवेची टाकी बांधून समुद्रात उतरायला शिकत होता. पहिला वर्ग झाला, खोल पाण्याचा झाला, बुडत्याला वर काढायचा झाला, मास्तरच्या हाताखाली राबूनही झालं. राहिली होती फक्त मास्तरकी, आणि तिथंच घोडं पेंड खात होतं. पाण्याखाली काम करता करता हा मध्येच श्वास धरून बसायचा. टाकीची हवा घेणाऱ्यानं श्वास कधीच धरायचा नसतो. छातीत हवा कोंडून वर आलं की ती फुगते आणि फुप्फुस फाटतं. "तू धरलास तर तुझे विद्यार्थीही धरतील," असं परीक्षकानं तोंडावर सांगितलं होतं. आता शेवटची संधी होती, पंधरा दिवसांनी. ती गेली की जन्मभर दुसऱ्यांच्या टाक्या वाहायच्या.

ही खोड आली कुठून? बापाकडून, आणखी कुठून! विहिरीत कळशी पडो की मोटारीच्या पायपाच्या तळाचा फूटवॉल, पार सणसर गावावरून माणसं तात्याबाला बोलवायला यायची. तात्याबा दम धरून बुडी मारायचा आणि काठावरची माणसं मोठ्यानं आकडे मोजायची. शंभरी ओलांडली की शिट्ट्या! "दम सोडला त्यो मेला," हा धडा नागेशनं अक्षरं गिरवायच्या आधी गिरवला होता.

तर सरावासाठी हा पठ्ठ्या दोन भरलेल्या टाक्या एसटीत पायाशी धरून घरी आला. विहिरीच्या काठावर त्यानं बापाला बसवलं आणि हातात पाना दिला.

"तात्या, माझं बुडबुडं येत ऱ्हात्यात का बघा. थांबलं आन् पाच आकडं झालं, की मोटारीच्या पायपावर पाना हाणा. मला खाली ऐकू येतंय."

"एवढंच व्हय? हाणतो की."

वीस मिनिटं नागेश खाली होता. एकदाही पाना वाजला नाही. जमलं म्हणायचं, अशा खुशीत तो वर आला, तर काठावर आठ-दहा माणसं गोळा झालेली आणि तात्याबाची छाती फुगलेली.

"तीनदा धरलास लेका! एकदा तर एकोणचाळीस आकडं!"

"मग पाना का न्हाय हाणला?"

"रंगात आला हुतास. मोडता कशाला घालू?"

नागेशला कपाळ बडवून घ्यावंसं वाटलं. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. शेजारचा दत्तोबा तर मोजायला मदतीला येऊन बसायला लागला. आई, बानूबाई, भाकरी घेऊन आली आणि कौतुकानं म्हणाली, "खाण तशी माती, दुसरं काय!" एक टाकी संपली, दुसरी अर्ध्यावर आली, आणि नागेशचा संयम सुटला.

"तात्या, उद्या तुमीच उतरा माझ्यासंगं. माझ्या टाकीला जोडीदारासाठी दुसरी नळी असती, ती तोंडात धरा. मंग कळंल मी का बोंबलतोय!"

सकाळी त्यानं बापाला तीनदा समजावलं. श्वास घ्यायचा, सोडायचा, काय बी झालं तरी धरायचा न्हाय. तात्याबा तीनदा "व्हय रं" म्हणाला. दोघं पायऱ्यांच्या कडेनं दोन परस, म्हणजे दोन माणसं बुडतील एवढे, खाली गेले. नागेश समोर येऊन बघतो तर तात्याबाच्या दातात नळी, डोळे बटाट्याएवढे, आणि बुडबुडा एकही नाही!

 नागेशनं हातवारे केले, बापाच्या पोटाला ढोसलं, स्वतः मोठमोठे श्वास सोडून दाखवले. तात्याबा नुसती मान डोलवत राहिला आणि एकदम वर निघाला. फाटलं आता फुप्फुस! नागेशनं त्याचे खांदे धरले, त्याला सावकाश आणला, आणि वर येईपर्यंत त्याच्या तोंडासमोर फूफू करत राहिला.

"छातीत दुखतंय का? बोला की तात्या!" तो रडकुंडीला आला होता.

तात्याबानं नळी थुंकली. "दुखायला काय झालंय? तुझ्या टाकीतला एक घोट घेतला न्हाय म्या. घरच्या दमावर गेलो आन् आलो!"

"शहाण्णव!" काठावरून दत्तोबा ओरडला.

नागेश पायरीवर मटकन बसला. पहिला विद्यार्थी, तोही सख्खा बाप, आणि शिकवणी पाण्यात गेली. असला मास्तर कोण पास करणार? 

तात्याबा जवळ सरकला. त्याचा चेहरा उतरला होता.

"पर नागेश, म्या तुला नीट बघितलं. खाली गेल्यापासनं वर येस्तवर नुसतं बुडबुडं. एकदाबी थांबलं न्हाईत."

नागेशनं मान वर केली. "एकदाबी?"

"एकदाबी न्हाय," तात्याबा म्हणाला, आणि त्यानं तोंड फिरवलं. "पार वाया गेलास, लेका."