पाण्याखालचा खडक

"शनिवारी बारा वाजता ओहोटी आहे, मोबाइलवर बघितलं मी," ऋतिका कॅमेऱ्याची काच पुसत म्हणाली. खडकांतल्या डबक्यांत राहणाऱ्या जिवांचे फोटो तिला कॉलेजच्या प्रदर्शनासाठी हवे होते. त्यासाठी मोठी लेन्स मागून आणली होती, दोन दिवसांपुरती.

सोनुबाईंनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. शनिवारी अष्टमी. म्हणजे भांगाचं पाणी. ओहोटी लागते, पण पाणी फारसं हटत नाही. खडक उघडे पडायला अमावास्या हवी, ती पुढच्या शनिवारी. सोनुबाईंच्या माहेरी, समुद्रकाठी, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. चौक गावातल्या या घरात मात्र त्यांना एकट्यांनाच.

नातीला सांगायला त्यांनी तोंड उघडलं, तेवढ्यात त्यांचा लेक किशोर म्हणाला, "आये, तू पण चल. ह्या शनवारी टेंपोला भाडं नाय. पुढल्या वेळी ही मैत्रिणीच्या स्कूटरवर जायची."

सोनुबाईंनी तोंड मिटलं.

भाऊ वारला, वहिनी लेकाकडे राहायला गेली, माहेरच्या दाराला कुलूप लागलं, त्याला अठरा वर्षं झाली. तेव्हापासून समुद्र दिसला नव्हता. चौकला कुठंही उभं राहा, समोर डोंगरच.

शनिवारी सोनुबाईंच्या माहेरच्याच किनाऱ्यावर बारा वाजले. ते आले तेव्हा खडकांवर कमरेएवढं पाणी होतं, ते मांडीवर आलं आणि तिथंच थांबलं. दीड वाजता परत चढू लागलं. ऋतिकाने मोठी लेन्स काढून पिशवीत ठेवली, कॅमेऱ्याला आपली साधी लावली. तिचा चेहरा उतरला होता.

"मला ठाऊक व्हतं गं," सोनुबाई म्हणाल्या.

"काय?"

"आज खडक उघडायचा नाय. अमावाशेला उघडतो."

"मग बोलली का नाहीस?"

"स्कूटरवर माझी जागा कुठं व्हती?"

ऋतिकाने पिशवीची चेन खसकन ओढली. किशोर हसला. "आये, तू लई पोचलेली हायस."

सोनुबाई हसल्या नाहीत. लुगडं वर खोचून त्या पाण्यात उतरल्या. "कॅमेरा घिऊन ये. दाखवते."

ऋतिका रागातच मागून गेली. सोनुबाई पायाने तळ चाचपत चालल्या होत्या. "शिंपीतली कालवं काढायला घरटी एक खडक असायचा. हिथं बुधीकाकूचा. त्याला दुसऱ्या घरची बाई कोयती लावायची नाय." आणखी चार पावलांवर त्या थांबल्या. पाय जरा इकडे, जरा तिकडे फिरला. मग त्यांनी बोट खाली केलं. "ह्यो माझ्या आयेचा."

ऋतिकाने थोडा वेळ त्या बोटाकडे पाहिलं. मग कॅमेरा डोळ्याला लावला.

काठावर आल्यावर तिने फोटो दाखवला. मातकट पाणी आणि कोपऱ्यात आजीचा हात. "काहीच आलं नाही गं, आजी."

सोनुबाईंनी पदराने चष्मा पुसला आणि बराच वेळ बघितलं.

"आलाय की खडक," त्या म्हणाल्या. "उजवीकडं जरा कापला गेलाय."