तिसऱ्या ओळीचा थांबा

मिस्त्रींना मंडळीनं पहिल्या बाकावर नेऊन बसवलं, आणि तिथेच त्यांचं डोकं फिरलं.

इतकी वर्षं ते चर्चला येत होते, पण बाकावर म्हणून कधी बसले नव्हते. त्यांची जागा ऑर्गनच्या मागे, लाकडी आडोशाच्या पलीकडे. ऑर्गन जुना, हातानं भाता मारायचा. पुढे बसून बायको वाजवायची आणि मागे उभे राहून मिस्त्री दांडा वरखाली करायचे. भात्याचं कातडं म्हातारं झालेलं, हवा धरून ठेवायचं नाही. दांडा थांबला की सूर मेलाच. आडोशाखालच्या फटीतून मिस्त्रींना पाळकसाहेबांचे फक्त बूट दिसायचे. टाचा कधी झिजल्या, नवे कधी घेतले, सगळं तोंडपाठ. साहेब उपदेश करताना डोळे मिटून घेतात, हे मात्र त्यांना बायको गेल्यावर कळलं. पहिल्या बाकावरून.

"इथे बसा भाऊजी, निवांत," मेहुणी म्हणाली. "आता तुम्हाला काही करायचं नाही."

हेच वाक्य. बायकोला पुरून आल्यापासून जो तो हेच म्हणत होता. चर्चच्या मागची भिंत फुगली होती, ती उतरवून पुन्हा बांधायला मिस्त्री थापी घेऊन गेले, तर तिथे दुसराच गवंडी. "तुम्हाला कशाला त्रास?" आवार झाडायला गेले, तर हातातून झाडू काढून घेतला. फाटकाची किल्ली त्यांच्याकडे असायची, तीही कोणी तरी प्रेमानं मागून नेली. घरी रोज कोणाचं ना कोणाचं भरलेलं पातेलं यायचं. खाणारा एकटा. नाही म्हटलं की समोरच्याचा चेहरा पडायचा, हो म्हटलं की उद्या दोन पातेली. धीर द्यायला येणारे येत, बसत, लांबलचक प्रार्थना करत आणि जाताना खांदा थोपटत. नेमका दुखरा.

मिस्त्रींना बोलून प्रार्थना कधी जमली नाही. चारचौघांत तोंड उघडलं की "हे प्रभू" च्या पुढे गाडी सरकायची नाही. बायको म्हणायची, "तुम्ही दांडा मारा, तेवढं त्याला पोचतं." ते त्यांनी खरं धरलं होतं. हात चालला की देवाशी बोलणं होत होतं. आता हातच रिकामे. बाकावर मांडीवर ठेवून बसायचे, एखाद्याच्या विसरलेल्या छत्र्यांसारखे.

आणि त्यात ती मोटर आली.

महिला मंडळानं सगळ्यांकडून वर्गणी काढून ऑर्गनच्या भात्याला विजेची मोटर बसवली. मिस्त्रींना शेवटपर्यंत पत्ता लागू दिला नाही. मोटरीवर पितळी पाटी, तिच्यावर बायकोचं नाव आणि खाली 'प्रेमळ स्मरणार्थ'. मंडळाची अध्यक्ष मेहुणीच. चादर ओढून तिनं पाटी उघडी केली, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

"किती वर्षं दांडा मारणार, भाऊजी? खांद्याकडे बघा जरा."

"खांदा माझा आहे."

"ताईला किती बरं वाटलं असतं!"

"तुझी ताई असती तर ही मोटर दारातून आत आली नसती."

मेहुणीनं रुमाल डोळ्यांना लावला. मग विषयच संपला. रडणाऱ्या बाईशी भांडणार कोण? आणि तिची तरी ती सख्खी बहीणच होती. मिस्त्रींनी आभार मानले. दात आवळून मानले, पण मानले. घरी येऊन मात्र कालचं पातेलं इतक्या जोरात घासलं की त्याला पोचा आला.

रविवारी मोटर सुरू झाली. घरघर एकसारखी, ना दम लागणं, ना खोकला. बायको गेल्यापासून बंद असलेल्या ऑर्गनवर नवीन बाई बसल्या. त्या शाळेत संगीत शिकवायच्या, स्वभाव कडक, तालाला पक्क्या. पहिलं गीत सुरू झालं. पहिली ओळ छान गेली, दुसरी छान गेली. तिसरी संपली आणि अख्खी मंडळी थांबली.

बाई थांबल्या नाहीत. त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. त्या चौथीत शिरल्या, मंडळी अजून तिसरीच्या उंबऱ्यावर. काही जण दचकून बाईंच्या मागे धावले, काही हट्टानं उभे राहिले. पाळकसाहेब डोळे मिटून भलत्याच ठिकाणी गात होते. दुसऱ्या कडव्याला तेच, तिसऱ्याला तेच. बाई चिडून जोरात वाजवू लागल्या, मंडळी चिडून जोरात गाऊ लागली. परमेश्वराची स्तुती चाललीय की बाजार उठलाय, कळेना.

उपासना झाल्यावर चहाच्या टेबलाजवळ बाईंनी सगळ्यांना धरलं.

"तिसऱ्या ओळीनंतर तुम्ही थांबता का? पुस्तकात कुठेही थांबा नाही!"

"तो मननासाठी आहे," पाळकसाहेब म्हणाले. "शब्द आत उतरावा म्हणून."

"कशाचं मनन?" मेहुणी म्हणाली. "ताई चष्मा वर सारायची. नाकावरून घसरायचा तिचा."

"प्रत्येक कडव्याला? नेमका तिसऱ्या ओळीला?"

"घसरायचा हो! माझ्या बहिणीचं नाक मला माहीत नाही का?"

मग सगळे मिस्त्रींकडे वळले. नवऱ्याला माहीत असणार.

मिस्त्री वैतागले. कारण हा प्रश्न त्यांनी स्वतःच बायकोला शंभर वेळा विचारला होता. दर रविवारी जेवताना भांडण ठरलेलं. "आज परत थांबलीस. अगं, चांगलं चाललेलं गाणं मध्येच तोडतेस कशाला?" ती ताटात बघत म्हणायची, "लोकांना श्वास घेऊ दे की." लोक काय पाण्याखाली आहेत? ते पुटपुटायचे. पण तेवढ्या थांब्यात दांडा या हातातून त्या हातात घ्यायला बरं पडायचं, म्हणून त्यांनी फार ताणलं नाही.

"श्वासासाठी थांबायची," ते म्हणाले. "असं ती सांगायची."

"किती थांबायच्या?"

"ते कसं सांगू? मी मागे असायचो."

"मग मागे चला," बाई म्हणाल्या आणि चहाचा कप तसाच ठेवून निघाल्या. "मोटर बंद करते. तुम्ही नेहमीसारखा दांडा मारा, मी वाजवते. बघू काय होतं ते."

मिस्त्री आडोशामागे गेले. दांडा हातात आला आणि किती तरी दिवसांनी हाताला काही तरी ओळखीचं लागलं. मूठ धरायची जागा झिजून गुळगुळीत झालेली. त्यांनी भाता भरला. बाईंनी सुरुवात केली. पहिली ओळ. दांडा करकरला, खाली, वर, खाली, वर. दुसरी ओळ. तिसरी निम्मी झाली आणि उजव्या खांद्यात कळ उठली. फार पूर्वी बांधकामावर परांची कोसळली तेव्हाची जुनी कळ. दांडा मंद झाला. ओळ संपता संपता हात उचलेना.

बाई थांबल्या नाहीत. मिस्त्रींनी घाईघाईत दांडा डाव्या हातात घेतला, पण तोवर हवा संपली होती. चौथ्या ओळीचा पहिलाच सूर रडवेला झाला आणि बसला.

"पुन्हा," बाई म्हणाल्या.

पुन्हा तेच. तिसरी ओळ, खांदा, आणि सूर बसला.

"मिस्त्री," पलीकडून बाईंचा आवाज आला, आता जरा हळू. "तुमचा दांडा दोन ओळी एका लयीत करकरतो. तिसरीत धापा टाकायला लागतो. इथे बसलेल्याला स्पष्ट ऐकू येतं."

मिस्त्री खांदा चोळू लागले.

"त्या तुमच्यासाठी थांबायच्या हो."

इतकी वर्षं त्यांना वाटत होतं, ती थांबते म्हणून आपण हात बदलतो.

त्यांना आधी आला तो रागच. तोंड उघडून सांगायला काय झालं होतं? दर रविवारी ताटावर बसून नवऱ्याच्या शिव्या खाल्ल्या, अख्ख्या मंडळीला चुकीचं गायला शिकवलं, आणि वर म्हणे लोकांना श्वास! मग त्यांना कळलं की सांगितलं असतं तर आपण हात बदललाच नसता. खांदा निखळला असता तरी एकाच हातानं मारला असता, तिला दाखवायला म्हणून. हे तिला माहीत होतं. ते दांड्यावर कपाळ टेकून उभे राहिले. बाहेर कपबशा वाजत होत्या.

"चला, बरं झालं कळलं," शेवटी त्या म्हणाल्या. "आता मोटर आहे. थांबायची गरज नाही."

"नाही," मिस्त्री म्हणाले.

"पण मंडळी थांबणार," बाईंच्या लक्षात आलं.

"थांबणार. ती कोणाच्या बापाचं ऐकायची नाहीत."

"मग मला किती थांबायचं ते कळायला हवं. मी मोजून थांबले तर एक तर आधी सुटेन नाही तर मागे पडेन. या सगळ्यांच्या अंगात तुमची हात बदलायची सवय बसलीय. ती मोटरीला कुठून येणार?" बाई स्वतःवरच चिडल्यासारख्या बोलत होत्या. "पुढच्या रविवारी या. लवकर या. आणि खांदा शेकून या."

मेहुणीला कळल्यावर ती कपासकट धावत आली. "अहो, पण मोटर? सगळ्यांनी एवढ्या प्रेमानं दिलीय! ताईच्या नावाची पाटी आहे तिच्यावर!"

"मोटर राहू दे. मी आजारी पडलो की लावा."

"आणि पाटी?"

"पाटी काढतो."

"भाऊजी!"

"ओरडू नकोस. दांड्याजवळ लावतो. तिचं लक्ष तिथे असायचं."

मेहुणीनं रुमाल काढला. पण या वेळी तो डोळ्यांपर्यंत गेलाच नाही. तिनं पाटीवरची धूळ पुसली आणि पेचकस शोधायला गेली.

पुढच्या रविवारी मिस्त्री आडोशामागे उभे राहिले. पाळकसाहेबांच्या बुटांना पॉलिश नव्हतं. पहिली ओळ गेली, दुसरी गेली. तिसरीत खांद्यानं कुरकुर केली आणि ओळ संपताच सूर थांबला, मंडळी थांबली, सगळं चर्च गप्प झालं. मिस्त्रींनी दांडा या हातातून त्या हातात घेतला. घाई केली नाही.

"झालं का?" पलीकडून बाई दात-ओठ खात कुजबुजल्या.

बायकोनं असं कधी विचारलं नव्हतं.

"झालं," मिस्त्री म्हणाले, आणि दांडा खाली दाबला.