वेसण घातलेला पंखा

मित्रांनो, पंखा म्हटलं की तुमची मान लगेच छताकडे जाते. मी तिथला नव्हे. मी नावेचा पंखा, जुना, पितळेचा, तीन पात्यांचा. नावेच्या मागच्या टोकाला, पाण्याखाली, इंजिनाच्या दांड्यावर बसून मी गरागरा फिरायचो आणि माणसांनी भरलेली नाव पुढे जायची. वर बसलेल्या मंडळींना मी कधी दिसलो नाही. पण दिसत नाही म्हणून कुणी मला कमी लेखू नये, हे आधीच सांगून ठेवतो. थोडा गर्विष्ठ आहे मी. का असू नये?

माझा जन्म सिंदी रेल्वेच्या नत्थूजींच्या ओतशाळेतला. त्याआधी मी चार गुंड होतो. पाणी भरायची पितळेची मोठी भांडी असतात ना, ते गुंड. कुंताबाईंना ते माहेरहून आंदण मिळाले होते. डोक्यावर एक आणि कमरेवर एक असे घेऊन त्या गावच्या दगडी विहिरीवर जायच्या. मग सेलू तालुक्यातल्या त्या गावाशेजारी धरण झालं. जुनी घरं, बरीचशी शेती आणि ती विहीरही तलावात गेली. कुंताबाईंचे यजमान मधुकरराव, त्यांना बैलजोडी विकावी लागली, कारण नांगरायला जमीनच थोडी राहिली. त्या तुकड्यात वांगी, चवळी, दोडकी अशी झकास पिकायची की बघत राहावं. पण शेत आणि घर तलावाच्या पल्याड, सेलूच्या बाजाराची सडक अल्याड! फिरून जायचं तर बावीस किलोमीटर. तोवर भाजीचा पार पाला व्हायचा.

मधुकररावांनी लोखंडी पत्र्याची नाव करवून घेतली. शेतातल्या पंपाचं डिझेल इंजिन तिच्यात बसवलं. पंख्याला पितळ पाहिजे म्हटल्यावर कुंताबाई उठल्या. घरात गेल्या आणि चारही गुंड अंगणात आणून ठेवले.

नत्थूजी तेव्हा म्हणाले होते, "नावेचा पंखा म्या जिंदगीत बनवला नाई. पन देवळाची घंटा बनवतो, तं पंखा का वाघ हाये?"

आणि त्यांनी मला बनवला, तोही पहिल्याच ओतात! कानशीने घासून असा चमकवला की मधुकररावांनी माझ्यात बघून टोपी नीट केली.

त्यानंतर अठरा वर्षं मी ती नाव चालवली. किती वांगी नेली त्याला मोजमाप नाही. नवऱ्या नेल्या, वराती आणल्या, एकदा तर अडेलतट्टू कालवड नेली, तिने सगळ्या वाटेत हंबरून डोकं उठवलं. आमच्या शेजारची वर्षाली भरल्या दिवसांत दवाखान्यात निघाली, तेव्हा वारा सुटला होता. मी जिवाच्या आकांताने फिरलो. गेली तेव्हा एकटी होती, पाचव्या दिवशी परत आली ती कुशीत बाळ घेऊन. त्या पोराला आजही वाटतं की आपण गाडीने आलो. असो, लेकरू आहे.

आता माझ्या सगळ्यांत मोठ्या मानाची गोष्ट. आमच्याकडे पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांचे खांद शेकतात. वर्षभर जू ओढून दुखावलेल्या खांद्यांना पळसाच्या पानाने तूप-हळद चोळायची आणि बैलाला जेवणाचं आमंत्रण द्यायचं: "आज आवतन घे, उद्या जेवाले ये." मधुकररावांच्या गोठ्यात बैल उरले नव्हते. पहिल्याच वर्षी पोळ्याच्या आदल्या दिवशी ते रिकाम्या गोठ्यापाशी नुसते बसून राहिले. कुंताबाईंनी वाटीत तूप-हळद कालवली आणि म्हणाल्या, "अवो, उठा. आपला बैल घाटावर हाये."

तेव्हापासून दर पोळ्याला नाव काठावर ओढायची, माझी तिन्ही पाती चोळायची, मला हार घालायचा, मला आवतन द्यायचं. पोळ्याच्या दिवशी इंजिन बंद. बैलाला त्या दिवशी जुंपत नाहीत, मग मला कसं जुंपतील? पुरणपोळीचा घास माझ्या नावाने पाण्यात सोडायचे. तो मासे खायचे, ही गोष्ट वेगळी. मान माझाच!

या मानानेच माझा घात केला.

गेल्या वर्षी पोळ्याच्या आदल्या दिवशी मधुकररावांना जरा जास्तच उमाळा आला. सेलूच्या बाजारातून त्यांनी लालभडक नवी वेसण आणली. वेसण म्हणजे बैलाच्या नाकातली दोरी. मला नाक कुठलं? त्यांनी ती माझ्या पात्यांमधून ओवली आणि दांड्याला पक्की गाठ मारली. मी असा फुगलो की विचारू नका! दुसऱ्या दिवशी पोळा झाला. तिसऱ्या दिवशी सकाळी कुंताबाईंनी माझा हार काढला, वेसण काही त्यांच्या ध्यानात आली नाही. नाव पाण्यात ढकलली. भाजीची पोती, चार बायका, पलीकडे तान्ह्या पोळ्याला, म्हणजे पोरांच्या पोळ्याला, लाकडी बैल घेऊन निघालेली पाच-सहा पोरं, असा सगळा बारदाना घेऊन आम्ही निघालो.

थोडं अंतर गेल्यावर ओवलेली दोरी सैल झाली आणि ती माझ्या अंगाला गुंडाळायला लागली. माझा जीव घुसमटला.

"अवो, नाव काऊन अशी जड चालून राह्यली?" कुंताबाईंनी विचारलं.

"काई नाई, पुरनपोळी जड झाली तिले," मधुकरराव हसून म्हणाले आणि त्यांनी इंजिनाचा जोर वाढवला.

मी फिरत नाही म्हटल्यावर वाऱ्याने नाव वाटेवरून बाजूला नेली. जुन्या विहिरीचा दगडी काठ उन्हाळ्यात उघडा पडतो, पण पोळ्याच्या सुमारास त्यावर पाणी चढतं. तो वरून दिसत नाही. नाव नेमकी त्याच्यावर जात होती. तेवढ्यात दोरी तुटली. अडकलेला मी एकदम सुटलो, पुऱ्या जोराने फिरलो आणि खाडकन दगडावर आदळलो. माझं एक पातं वाकलं, त्याच्या टोकाचा तळहाताएवढा तुकडा तुटून विहिरीत गेला. नाव अशी हादरली की पोरं किंचाळली. कुंताबाईंनी बांबू टेकवून नाव दगडापासून दूर लोटली आणि तसंच बांबूने रेटत काठाला आणली. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. पण त्या बायकांचे पांढरेफटक झालेले चेहरे मी विसरलो नाही.

काठावर माझ्या दांड्याला लाल दोरीची गाठ लोंबत होती.

"तुमी वेसन काढली नाई?" कुंताबाईंनी विचारलं.

"पोळ्याची नवी वेसन काढते का कोनी?" मधुकरराव म्हणाले.

"अवो, तो काई बैल नाई!"

"मंग अठरा साल त्याचे खांद काऊन शेकले?"

कुंताबाईंनी वाकून ती गाठ सोडली. चूक मधुकररावांची होती, पण असली मायेची चूक दुसऱ्या कुणाच्या हातून झाली असती असं मला वाटत नाही.

त्यांचा मुलगा स्वप्निल सेलूच्या बाजारात भाजीचं दुकान लावतो. तो तरातरा आला, मला बघितलं आणि म्हणाला, "आई, नागपूरले ॲल्युमिनियमचा रेडीमेड पंखा भेटते. हलका, चकाचक. याले भंगारात देऊन टाक."

भंगारात! माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. मित्रांनो, मला जीभ असती तर त्या दिवशी त्याची खैर नव्हती.

"आधी नत्थूजीले दाखवू," कुंताबाई म्हणाल्या. "माहे गुंड हायेत ते."

दुसऱ्या दिवशी पोत्यात घालून मला सिंदीला नेलं. नत्थूजी आता पुरते म्हातारे झालेत, पण मला पोत्यातून काढताच ओळखलं. "अरे, हा तं माह्या हातचा!" त्यांनी माझ्यावरून हात फिरवला. मला धीर आला.

"नीट होईन का, भाऊ?" कुंताबाईंनी विचारलं.

"टोक गेलं तं पितळ भरता येते. वाकलं तं तापवून, ठोकून सरळ करता येते. फक्त पात्याच्या बुडाले चीर नसली पाह्यजे. बुड चिरलं असन तं एखाद्या दिवशी भर तलावात अख्खं पातं सुटून जाईन."

मग त्यांनी हातोडीने माझी पाती वाजवली. पहिलं ठण्ण वाजलं. दुसरं ठण्ण वाजलं. तिसरं भद्द वाजलं, एखाद्या तडकलेल्या मडक्यासारखं. नत्थूजींचा चेहरा उतरला. त्यांनी त्या पात्याच्या बुडाला रॉकेल चोळलं, कोरडं पुसून काढलं आणि वरून खडूची पूड लावली. चीर असेल तर तिच्यात शिरलेलं रॉकेल परत वर झिरपतं आणि पांढऱ्या खडूवर ओली रेघ उमटते. सगळे वाकून बघत होते. मी म्हणत होतो, नको उमटू, बाई, नको उमटू.

रेघ उमटली. केसासारखी बारीक, पण बुडाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत.

कुंताबाईंनी पदर तोंडाला लावला. आईचा चेहरा बघून स्वप्निलचा सगळा तोरा गेला. काल मला भंगार म्हणणारा तो आज नत्थूजींचा हात धरून म्हणाला, "वेल्डिंग मारून द्या ना, नत्थूजी. वरून घासून टाका. कोनाले समजनारबी नाई."

खरं सांगतो, मी मनातून ओरडत होतो, मार बाबा वेल्डिंग! मला पाण्यात परत जायचं होतं. अठरा वर्षांचा मान सोडवत नव्हता.

कुंताबाईंनी डोळे पुसले. "स्वप्निल, नावेत कोन बसते रे?"

"मान्सं."

"आन वर्षालीचं पोरगं. त्यायले विचारलं का तुनं, चिरलेल्या पंख्यावर बसता का म्हनून?"

त्याने नत्थूजींचा हात सोडला.

"गुंड माहे होते, मी सांगून राह्यली. नवा पंखा आना."

नत्थूजींनी चष्मा काढला. "कुंताबाई, चीर जिथं हाये तिथं ओततानाच हवेचा फुगा राह्यला असन. माही चूक. पहिलाच होता ना."

ऐकलंत? आतमध्ये पोकळी घेऊन मी जन्मलो आणि तशीच अठरा वर्षं नाव ओढली. एकदाही कुणाला भर पाण्यात सोडलं नाही. मला आधी लाज वाटली, मग वाटलं, छे! छाती काढावी अशीच ही गोष्ट आहे. आणि त्या दिवशी रेघ खोटी बोलली नाही, कुंताबाईही खोट्या वागल्या नाहीत, याचा तर मला माझ्या अठरा वर्षांहून जास्त अभिमान वाटतो.

नागपूरहून नवा पंखा आला. बरा आहे. हलका आहे, थोडी किरकिर करतो, शिकेल. मला मात्र भंगारात कुणी नेलं नाही. मधुकररावांनी माझ्या मधल्या भोकातून जाड दोर ओवला आणि मला नावेचा नांगर केलं. नाव घाटाला लागली की मला पाण्यात सोडतात. माझी पाती गाळात रुततात आणि कितीही वारा सुटो, नाव हलत नाही. मधुकरराव गाठ मारताना म्हणाले, "आता बांधलं तं कोनी बोलनार नाई!"

मित्रांनो, तुमच्या घरातली वस्तू बिघडली तर लगेच फेकू नका. आधी जाणत्या माणसाला दाखवा. नीट होत असेल तर नीट करा. होत नसेल तर प्रेमापोटीसुद्धा चीर झाकू नका, कारण त्या वस्तूच्या भरवशावर कुणीतरी बसलेलं असतं. आणि जिने तुमच्यासाठी जन्म काढला तिला जाताना नुसतं "भंगार" म्हणू नका. तिला दुसरं काही काम जमतं का, बघा तरी.

यंदाच्या पोळ्याची आदली संध्याकाळ. नाव काठावर ओढलेली. स्वप्निल पळसाचं पान आणि तूप-हळदीची वाटी घेऊन नव्या पंख्याकडे निघाला. मी एका बाजूला गाळाने माखलेला पडलो होतो.

"थांब," कुंताबाई म्हणाल्या. "गोठ्यात म्हातारा बैल असला तं आधी आवतन त्याले."

त्यांनी मला धुतलं. तुटक्या पात्याला सगळ्यांत जास्त तूप लावलं आणि माझ्यावर हात ठेवून म्हणाल्या, "आज आवतन घे, उद्या जेवाले ये."

दुसऱ्या दिवशी पोळा, म्हणजे इंजिन बंद. म्हणून स्वप्निलने बांबूने नाव रेटत जुन्या विहिरीपाशी नेली. कुंताबाईंनी मला स्वतःच्या हाताने पाण्यात उतरवलं आणि ज्या दगडावर त्या पाणी भरताना गुंड टेकवायच्या, त्याच दगडावर अलगद टेकवलं. मग माझ्या नावाने पुरणपोळीचा घास सोडला. या वेळी मी माशांना जवळ येऊ दिलं नाही.