छापखान्याची बाजू

"ठिकाण सांगायचं, तर आधी आपण कुठे उभे आहोत ते सांगावं, सूनबाई. तोंड कुणीकडे, पाठ कुणीकडे. मग डावं-उजवं. नाहीतर तो पत्ता नव्हे, नुसती हवा."

लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात मी बाजारातून येताना रस्ता चुकले, तेव्हा मामंजींनी मला हे ऐकवलं होतं. ते पाणीखात्यात चावीवाले होते. रस्त्याखालच्या नळांचे व्हॉल्व्ह उघडणं आणि बंद करणं, हे त्यांनी अडतीस वर्षं केलं.

त्या दुपारी दार वाजलं. जप अर्ध्यावर सोडून उठायचं नाही हा माझा नेम. पण दार वाजवणाऱ्याचा हातच घाबरलेला होता. मी माळ मुठीत धरून उठले. दारात खात्याचे तरुण साहेब, गुडघ्यापर्यंत चिखल.

"वहिनी, काका बोलतात ना? प्रसूतिगृहासमोर मोठा पाइप फुटलाय. पाणी तळघरात शिरतंय, विजेची खोली तिथंच आहे. वर काचेच्या पेट्यांत पाच बाळं आहेत. दुसरीकडे हलवायला गाडी एकच, एका वेळी एक बाळ."

"टाकीवरून बंद करा ना."

"केलंय. पाइपात भरलेलं पाणी अजून दीड तास येत राहील. मधला व्हॉल्व्ह डांबराखाली गेलाय आणि नकाशात तो नाहीच. सगळे म्हणतात, काकांना विचारा."

तीन महिन्यांपूर्वी मामंजींना झटका आला होता. वाचा राहिली, गेली ती डावी बाजू. हात-पाय तर गेलेच, पण त्यांच्या लेखी डावीकडे जगच उरलं नाही. अर्धं ताट जेवून विचारायचे, "आज कोशिंबीर केलीच नाहीस का?" मी ताट फिरवलं की म्हणायचे, "होती की! लपवून ठेवतेस होय?" डॉक्टर म्हणाले, डोळे शाबूत आहेत, डोकंच ती बाजू धरत नाही. आपलं काही हरवलंय हे मामंजींना ठाऊक नव्हतं, आणि सांगायचा धीर मला झाला नव्हता.

साहेब पलंगाच्या डाव्या अंगाच्या खुर्चीवर बसले आणि त्यांनी सगळं सांगितलं. मामंजी भिंतीकडे बघत म्हणाले, "आवाज येतोय. साहेब कुठायत? का खात्यानं नुसता आवाजच पाठवला?"

मी खुर्ची उचलून उजवीकडे ठेवली.

"हां, आले. नकाशा आणलात? तुमचा नकाशा म्हणजे लग्नपत्रिका. छपाई झकास, पत्ता चुकीचा."

"काका, वेळ नाहीये हो. व्हॉल्व्ह कुठे आहे?"

मामंजींनी डोळे मिटले. "तिठ्यावर उभा आहे. तोंड प्रसूतिगृहाकडे. पहिलं औषधांचं दुकान. मग शिंपी. मग पिठाची गिरणी, कुलूप लावलेलं फाटक, चांभाराची टपरी. मग प्रसूतिगृह."

"आणि व्हॉल्व्ह?"

"ह्यात तर नाही." त्यांच्या कपाळावर घाम आला. "नाहीच की. गेला कुठे?"

त्यांनी पुन्हा सगळं म्हटलं. पुन्हा तीच पाच नावं, त्याच क्रमानं. साहेबांचा फोन वाजला. ऐकून ते उठलेच. "पाणी विजेच्या खोलीत शिरायला दोनच पायऱ्या उरल्यात. वहिनी, ह्यांना नाही आठवत. मी अंदाजानं खणतो."

मी तो रस्ता मनात चालून पाहिला. ही सगळी दुकानं उजव्या हाताची होती. डाव्या हाताचं एकही नाही. म्हणजे आठवणीतला रस्तासुद्धा ताटासारखाच अर्धा!

"थांबा, साहेब," मी म्हटलं. मी सहसा आवाज चढवत नाही. तेव्हा चढला असावा, कारण ते थांबले. "मामंजी, आता तिठ्यावर नका उभे राहू. प्रसूतिगृहाच्या दारात या. पाठ दाराला. तोंड तिठ्याकडे."

"आलो."

"आता चालत या. काय लागतं?"

"वखार. घड्याळजी. मग छापखाना." ते एकदम थबकले. "छापखाना! अगं, हा काय इथं! पायरीच्या तिठ्याकडच्या कोपऱ्यापासून सात पावलं पुढं, भिंतीपासून एक हात रस्त्यात."

साहेब कागदावर लिहू लागले. माझा मात्र विश्वास बसेना. ज्या डोक्यानं अर्धा रस्ता गिळला, त्यानं हे रचून तर सांगितलं नसेल? पाच बाळं होती वर. मी विचारलं, "आता रस्त्याच्या मधोमध उभे राहा. तोंड गिरणीकडे, पाठ छापखान्याला. तिठा उजव्या हाताला. व्हॉल्व्ह कुठे?"

"हो. छापखाना पाठीशी, व्हॉल्व्ह उजवीकडे मागं. पायरीपासून सातच."

साहेब म्हणाले, "छापखाना गेला, पण ती दगडी पायरी अजून आहे. सात पावलं म्हणजे सतरा-अठरा फूट."

"अहो, ढांगा नव्हेत! टाचेला चवडा लावून. माझ्या वहाणेनं. अठरा फुटांवर खणाल तर गटार लागेल." मामंजींनी माझं मनगट धरलं. "सूनबाई, मघाशी का नाही गं दिसला मला?"

"तुम्ही भलतीकडे तोंड करून उभे होतात," मी म्हटलं. खोटं नव्हतं ते.

"साहेब घाईत आहेत. तू माप. दुसऱ्याच्या हाती देऊ नकोस. आणि चावी सावकाश फिरवायला सांग, नाहीतर धक्क्यानं पुढचा पाइप फुटेल. कबूल?"

"कबूल, मामंजी."

साहेब जीप सुरू करायला धावले. शेजारच्या काकूंना मी मामंजींपाशी बसवलं. मग वाकून पलंगाखाली हात घातला. तीन महिने न घातलेली डाव्या पायाची वहाण तिथं होती. तिची धूळ पुसली, ती पोटाशी धरली आणि जिना उतरू लागले.