दुर्लक्ष करायला कोणीतरी हवं

समुपदेशक ताईंनी पालकांच्या वर्गात शिकवलेलं बाकी सगळं आईला जमलं होतं. सूचना एका वेळी एकच द्यायची, मुलीनं ऐकलं की लगेच शाबासकी. दुर्लक्ष तेवढं जमत नव्हतं. मुलगी उलट बोलू लागली की पाठ फिरवायची, ती शांत होईपर्यंत चकार शब्द काढायचा नाही. शाळेनं बजावलं होतं, वागणं सुधारलं नाही तर पुढच्या वर्षी प्रवेश नाही.

"परत उत्तर दिलंत ना?" ताईंनी पुढच्या वर्गात विचारलं.

"दिलं."

"नेमकं काय होतं तेव्हा?"

आई दिवसभर कारखान्यात चष्म्याच्या काचा घासायची. यंत्रापुढे कोणी कोणाशी बोलत नसे. नवरा सोडून गेल्यापासून घरी कोणी फिरकलं नव्हतं.

"भांडते, पण माझ्याशीच भांडते ना," ती म्हणाली. "मी गप्प बसले की घरात कोणी उरतच नाही."

शेजारच्या खुर्चीतली बेकरीवाली, तीही वर्गाला येणारी आई, म्हणाली, "मग मला फोन कर की. माझी जुळी संध्याकाळी घर डोक्यावर घेतात. मलाही पाठ फिरवायला निमित्त हवंय."

त्या संध्याकाळी मुलीनं बूट भिंतीवर भिरकावले.

"बूट जागेवर ठेव," आई म्हणाली.

"नाही ठेवणार. तुझ्याशी कोणी बोलत नाही तेच बरंय."

उत्तर आईच्या अगदी ओठांवर आलं. तिनं पाठ फिरवून नंबर लावला.

"बोल गं," बेकरीवाली म्हणाली. मागे दोन पोरांचा कालवा.

"काय बोलू?"

"काहीही. दुपारी काय खाल्लंस?"

आईला चटकन आठवेना. मग तिनं सकाळी तडकलेल्या काचेबद्दल सांगितलं, साहेबाच्या चेहऱ्याबद्दल सांगितलं. बेकरीवाली खो खो हसली. इकडे आईच्या पाठीमागे मुलगी किंचाळली, दाराला लाथा घातल्या, मग थांबली. बूट फरशीवरून सरकल्याचा आवाज आला.

आईनं वळून पाहिलं. बूट दाराशी नीट ठेवलेले होते.

शाबासकी आत्ताच द्यायला हवी होती. बेकरीवाली आपल्या सासूचा किस्सा सांगत होती, जेमतेम निम्मा झाला होता. आईला तो पुरा ऐकायचा होता. फोन कानावरून निघेना.

"ठेवते," ती अखेर म्हणाली.

ती मुलीजवळ जाऊन खाली बसली. "बूट जागेवर ठेवलेस. छान केलंस."

बराच वेळ आई तशीच तिच्या शेजारी बसून राहिली.