गळाची वेलांटी

विक्रोळीत नव्या टॉवरची लिफ्ट कोसळून दोन कामगार मेले, तेव्हा पेपरात चार ओळी आल्या. शेवटची ओळ बिल्डरच्या खुलाशाची: कामगारांचाच निष्काळजीपणा. मेलेली माणसं खुलासे देत नाहीत, हे बिल्डरांना बरोबर ठाऊक असतं.

अक्षता पेटली. चित्रकलेच्या कॉलेजातली पोरगी, दुसरं काय करणार? तिने छापे काढायच्या लिनोच्या मऊ तुकड्यावर तुटलेला दोर आणि खाली आपटलेला पिंजरा कोरला, वर ओळ घातली: ‘लिफ्ट खाली आली, साहेब वरच.’ छापाच्या कामात अक्षरं उलटी कोरावी लागतात, तेव्हा कुठे ती कागदावर सुलटी उमटतात. ती उलटी अक्षरं तिला कुणा परक्याचीच वाटली. नाव नाही, सही नाही, आपल्याला कोण ओळखतंय, असं म्हणत तिने गठ्ठाभर कागद छापले आणि चिकटवायला प्रीतमकडे, कॉलेजातल्या मित्राकडे दिले.

भ्यायला कारण होतंच. अक्षताच्या चाळीचा पुनर्विकासही त्याच बिल्डरकडे होता. संमतीची सही न देणाऱ्या देवदत्त सावंतांचा गेल्या महिन्यात पाय मोडला, आणि जिन्यावरून पडलो असं ते स्वतःच सांगत होते. त्यांच्या जिन्याला पायऱ्या तीन.

सकाळी ती दूध आणायला निघाली, तर प्रीतमने एक पोस्टर नेमकं नाक्यावरच्या फळ्याशेजारी डकवलेलं. त्या फळ्यावर तिचे वडील काशीराम वर्षानुवर्षं खडूने सुविचार आणि मयताच्या वेळा लिहीत. अक्षताने एकदा पोस्टरकडे पाहिलं, एकदा फळ्याकडे, आणि तिची पाचावर धारण बसली. ‘खाली’, ‘आली’, दोन्ही वेलांट्यांचं टोक माशाच्या गळासारखं आत वळलेलं. फळ्यावरही तसंच. अख्ख्या विक्रोळीत अशी वेलांटी एकच माणूस काढायचा, आणि त्याच्याच मांडीवर बसून ती अक्षरं गिरवायला शिकली होती. उलटं कोरताना तिला बापाचा हात दिसलाच नव्हता.

कागद फाडायला ती पुढे झाली, तर समोर टपरीवर सुयोग चहा पीत उभा. याच गल्लीतला, आता बिल्डरच्या ऑफिसात असलेला. त्याने मोबाइलवर पोस्टरचा फोटो काढलाही होता.

दिवसभर बाबांना सांगावं तर जीभ उचलेना. संध्याकाळी सुयोग दारात आलाच. फोटो पुढे धरून त्याने गोड आवाजात विचारलं, “काका, अक्षर तुमचं ना?”

काशीरामांनी चष्मा लावला. फोटो नीट पाहिला, मग एकदा लेकीकडे.

“माझंच,” ते म्हणाले. “दुसऱ्या कोणाला जमतंय?”

उद्या ऑफिसला या, शेठ बोलावतायत, असा निरोप मिळाला. येतो, म्हणाले.

अक्षताच्या डोळ्यांपुढे सावंतांचं प्लास्टर उभं राहिलं. गप्प बसली असती तर तिच्यापुरतं निभावलं असतं.

“बाबा खोटं सांगतायत,” ती म्हणाली. “मी बनवलंय. त्यांना काही माहीत नाही.”

सुयोगने तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. त्याला कसलीच घाई नव्हती.

“बरं झालं बोललीस,” तो म्हणाला. “मग काका, तुम्ही नका येऊ. हिलाच पाठवा. एकटीला.”

इतका वेळ शांत असलेल्या काशीरामांनी दाराची चौकट धरली. “मी लिहिलंय रे, सुयोग,” ते म्हणाले. “मीच लिहिलंय.” सुयोग गल्लीच्या टोकाला पोचला, तरी ते तेच म्हणत राहिले.